गळाच्या मासेमारीसाठी बेताच्या किमतीची पक्कड कशी निवडावी?

कोकणात खाडीच्या तोंडाशी बसून गरवणे किंवा देशावर नदीच्या डोहात व धरणाच्या जलाशयात गळ टाकून मासे धरणे, ही आपल्याकडील जुनी वहिवाट आहे. कित्येक कुटुंबांस यापासून रोजच्या जेवणात सकस अन्न मिळते, आणि चार मासे अधिक लागले तर बाजाराच्या दिवशी दोन पैसेही हाती येतात. अलीकडे शेततळ्यांत मासे वाढविण्याकडे शेतकऱ्यांचा कल वाढल्यामुळे, घरापुरता मासा गळाने काढण्याची पद्धत कोरडवाहू भागातही दिसू लागली आहे. या कामी काठी, तंगूस, गळ व शिसे यांची निवड लोक विचारपूर्वक करतात. परंतु माशाच्या तोंडातून गळ सोडविण्याचे साधन निवडण्याकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. बहुतेकजण हे काम नुसत्या बोटांनी करतात, आणि बोटांत गळ रुतला किंवा शिंगाळ्याचा काटा लागला म्हणजे मग पकडीची आठवण होते.

बाजारात आता खास मासेमारीसाठी म्हणून अनेक प्रकारच्या पकडी मिळतात. त्यांच्या किमतींत पुष्कळ अंतर असते आणि गुणांचे वर्णनही भरपूर केलेले असते. त्यांतून आपल्या कामास योग्य व खिशास परवडणारी पक्कड कशी ओळखावी, आणि ती अधिक वर्षे कशी टिकवावी, याची माहिती पुढे दिली आहे.

पकडीची खरी कामे कोणती?

कोणतेही अवजार घेण्यापूर्वी त्याच्याकडून कोणते काम करून घ्यावयाचे आहे, हे निश्चित करावे. गळाने मासे धरणाऱ्यास पकडीची मुख्यतः चार कामे पडतात. पहिले काम माशाच्या तोंडातून गळ सोडविण्याचे. दुसरे, तंगूस तोडण्याचे. तिसरे, शिशाची फुटकी गोळी तंगुसावर दाबून बसविण्याचे. चौथे, गळाच्या टोकामागील उलटा काटा दाबून सपाट करण्याचे. हा काटा दाबलेला असला म्हणजे गळ लवकर सुटतो, माशास इजा कमी होते आणि चुकून बोटात गळ गेलाच तर तो काढणेही सोपे जाते. मात्र असा गळ वापरताना तंगूस सैल सोडू नये. नाहीतर मासा निसटतो.

ही चारही कामे लांब तोंडाच्या साध्या पकडीने, म्हणजे दुकानदार जिला ‘नोज प्लायर’ म्हणतात तिने, उत्तम होतात. तारेची कडी उघडण्याचा आकडा, धातूची नळी चेपण्याची खाच यांसारख्या सोयी कृत्रिम आमिष किंवा पोलादी तार वापरणारासच उपयोगी पडतात. ज्यास साध्या गळास गांडूळ, कोळंबी किंवा कणकेची गोळी लावून मासे धरावयाचे आहेत, त्याने या सोयींसाठी अधिक पैसे मोजण्याचे कारण नाही.

माशानुसार लांबी

पकडीची लांबी आपल्या भागात लागणाऱ्या माशावरून ठरवावी. उजनीसारख्या जलाशयात मिळणारी चिलापी, तसेच लहान रोहू किंवा मृगळ यांचे तोंड लहान असते. यांच्यासाठी सुमारे १५ सेंटिमीटर, म्हणजे ६ इंच लांबीची व बारीक टोकाची पक्कड सोयीची पडते. जाड टोकाची पक्कड लहान तोंडात शिरत नाही व जबड्याचे मांस फाटते.

मरळ, शिंगाळा, जिताडा, तांबोशी अशा मोठ्या तोंडाच्या माशांसाठी सुमारे २० सेंटिमीटरची, म्हणजे ८ इंची पक्कड घ्यावी. मरळीस दात असतात. जिताड्याच्या कल्ल्यावरील झाकणाची कड हात कापण्याइतकी धारदार असते. शिंगाळ्याच्या पाठीवर एक व दोन्ही बाजूंच्या परांशी एकेक असे तीन दणकट काटे असतात. ते ताठ उभे राहतात, त्यांच्या कडा करवतीसारख्या असतात आणि त्यांच्या दंशात विषही असते. अशा माशांच्या बाबतीत पकडीच्या तोंडाची लांबी ही चैनीची बाब नसून माणसाचा हात व माशाचे तोंड यांतील सुरक्षित अंतर होय. ज्यास दोन्ही प्रकारचे मासे लागतात व एकच पक्कड घ्यावयाची आहे, त्याने बारीक टोकाची ८ इंची पक्कड पसंत करावी.

पक्कड काम कशी करते?

पक्कड म्हणजे एका खिळीवर फिरणाऱ्या दोन तरफा होत. मूठ सांध्यापासून जितकी लांब व पकडलेली वस्तू सांध्याच्या जितकी जवळ, तितका जोर अधिक मिळतो. समजा, हाताचा दाब सांध्यापासून १२ सेंटिमीटरवर पडतो आणि टोक सांध्यापासून ६ सेंटिमीटरवर आहे, तर टोकाशी हाताच्या जोराच्या दुप्पट जोर मिळेल. तीच वस्तू सांध्यापासून दीड सेंटिमीटरवर धरली, तर आठपट जोर मिळेल. यावरून दोन गोष्टी ध्यानात येतात. शिसे चेपणे, काटा दाबणे ही जोराची कामे तोंडाच्या मुळाशी करावीत व टोकाचा उपयोग केवळ गळ धरण्यासाठी करावा. तसेच, तोंड फार लांब व मुठी आखूड अशी पक्कड दिसावयास सुबक असली तरी तिची पकड दुबळी असते.

धातूची पारख

पक्कड मुख्यतः तीन धातूंची मिळते.

साधे पोलाद : ही पक्कड सर्वांत स्वस्त असते. पोलादास पाणी देऊन ते कठीण करता येते, म्हणून तिचे दाते व धार चांगली टिकते. तिचा एकच मोठा दोष म्हणजे गंज. तिच्यावर निकेल किंवा क्रोमियमचा मुलामा असला, तरी दात्यांवर, धारेवर व सांध्याशी तो लवकर झिजतो व तेथूनच गंज चढू लागतो. गोड्या पाण्यातील मासेमारीस ही पक्कड पुरेशी आहे. खाऱ्या पाण्यातही चालेल, परंतु रोज निगा राखावी लागेल.

स्टेनलेस स्टील : या पोलादात क्रोमियम मिसळलेले असते. हवेतील प्राणवायूशी क्रोमियमचा संयोग होऊन पृष्ठभागावर एक अतिशय पातळ थर तयार होतो व तो आतील धातूचे रक्षण करतो. मिठाचे पाणी हा थर फोडते. आणि सांध्याच्या फटीत हवा पोहोचत नसल्याने तेथे तो पुन्हा नीट तयार होत नाही. म्हणून स्टेनलेस स्टीलची पक्कडही सांध्यात गंजू शकते व आखडते. ‘स्टेनलेस’ हा शब्द वाचून तिची निगा सोडून देऊ नये.

येथे आणखी एक समजूत दूर करणे अवश्य आहे. लोहचुंबक चिकटला तर ते खरे स्टेनलेस स्टील नव्हे, असे पुष्कळांस वाटते. स्वयंपाकाच्या भांड्यांसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या निकेलयुक्त प्रकारास लोहचुंबक सहसा चिकटत नाही, यामुळे ही समजूत रूढ झाली असावी. परंतु तो प्रकार पाणी देऊन कठीण करता येत नाही. धार व दाते यांसाठी जे स्टेनलेस स्टील कठीण करून वापरतात, त्यास लोहचुंबक चिकटतो. सबब, केवळ चुंबक चिकटला म्हणून पक्कड नापसंत करू नये, आणि चिकटला नाही म्हणून अधिक किंमतही देऊ नये.

अॅल्युमिनियम : ही पक्कड हलकी व दिसावयास आकर्षक असते. मूळ अंग अॅल्युमिनियमचे व तोंडाचे दाते पोलादाचे, अशी तिची रचना असते. दोन भिन्न धातू एकत्र येऊन त्यांवर खारे पाणी पडले, म्हणजे विजेच्या घटासारखी क्रिया सुरू होते व अॅल्युमिनियम हळूहळू खाल्ले जाते. सांध्याजवळ पांढरी भुकटी दिसू लागली तर ही क्रिया चालू आहे असे समजावे. कमरेला दिवसभर पक्कड बाळगणारास हलकेपणा उपयोगी पडतो. काठावर बसून गळ टाकणारास त्यासाठी जादा पैसे देण्याची गरज नाही.

तंगूस तोडण्याची धार

बहुतेक पकडींच्या तोंडाच्या मुळाशी तोडण्याची धार असते. नायलॉनचे साधे एकेरी तंगूस तीवर सहज तुटते. परंतु बारीक धाग्यांची विणलेली दोरी मऊ असल्याने दोन पात्यांच्या मध्ये दबते, चुरगळते व तुटत नाही. ही दोरी तोडण्यासाठी कठीण धातूची खास पाती बसविलेल्या महाग पकडी निघाल्या आहेत. त्याऐवजी शिवणकामाची लहान धारदार कात्री जवळ ठेवली, तर तेच काम थोड्या खर्चात भागते.

पकडीच्या धारेने गळ तोडण्याचा प्रयत्न मात्र करू नये. गळाचे पोलाद फार कठीण असते; त्यामुळे साध्या पकडीची धार तुटते, आणि तुटलेला तुकडा उडून डोळ्यात जाण्याचे भय असते.

दुकानात करावयाच्या परीक्षा

पुढील परीक्षांस एक पैसाही खर्च येत नाही. दुकानदारासमोर त्या अवश्य कराव्यात.

१. पक्कड मिटून उजेडासमोर धरावी. दोन्ही टोके एकमेकांस नेमकी भिडली पाहिजेत. टोके एकमेकांवरून सरकत असतील किंवा टोकाशी फट दिसत असेल, तर ती पक्कड बारीक गळ धरणार नाही.

२. दोन्ही मुठी धरून पक्कड आडवी हलवून पाहावी. सांधा डुगडुगत असल्यास घेऊ नये. ढिलेपणा वापराबरोबर वाढतच जातो.

३. एका हाताने पाचदहा वेळा उघडझाप करावी. दुसऱ्या हातात मासा असल्यामुळे पक्कड एका हातानेच चालली पाहिजे. ती मध्येच अडकू नये. मुठी मिटल्यावर तळहाताची कातडी चिमटत असल्यास ती नाकारावी.

४. सोबत नेलेला एक गळ टोकात धरून, त्याचे अणकुचीदार टोक बाहेरच्या बाजूस ठेवून, दुसऱ्या हाताने बांधलेली दोरी ओढावी. गळ घसरता कामा नये. दाते बारीक व स्वच्छ कोरलेले असावेत.

५. तंगुसाचा तुकडा धारेत धरून तोडून पाहावा. तो एकाच दाबात व स्वच्छ तुटला पाहिजे.

६. मुठींवरील आवरण ओल्या हाताने धरून पाहावे. ते फिरत किंवा निघून येत असेल, तर माशाच्या चिकट हातात पक्कड राहणार नाही.

७. मुठीस दोरी बांधण्याची सोय आहे का ते पाहावे. छिद्र नसल्यास मुठीच्या खाचेत दोरी पक्की बांधता येते. पाण्यात पडलेली पक्कड कितीही स्वस्त असली, तरी ती महागच पडते.

मुठीवरील प्लॅस्टिकच्या आवरणासंबंधी एक इशारा देणे आवश्यक आहे. असे आवरण असले म्हणजे विजेचा धक्का बसणार नाही, असे समजू नये. ज्या पकडीवर १००० व्होल्टची खूण आहे, तीच विजेच्या कामासाठी बनविलेली असते. मासेमारीची ओली, खारट पक्कड विहिरीवरील मोटारीच्या किंवा स्टार्टरच्या कामास कधीही वापरू नये.

स्वस्त कशास म्हणावे?

किमतीचा विचार एका दिवसाच्या खर्चावरून करू नये. पक्कड किती वर्षे टिकते यावरून करावा. उदाहरणादाखल असे धरू की, एकाने १५० रुपयांची साधी पोलादी पक्कड घेतली, तिची निगा राखली नाही आणि ती वर्षभरात गंजून निकामी झाली. त्याचा वर्षाचा खर्च १५० रुपये झाला. दुसऱ्याने ४०० रुपयांची स्टेनलेस स्टीलची पक्कड घेतली व ती ४ वर्षे टिकली. त्याचा वर्षाचा खर्च १०० रुपये झाला. तिसऱ्याने पहिल्यासारखीच १५० रुपयांची पक्कड घेतली, परंतु रोज धुऊन, पुसून व तेल देऊन ती ३ वर्षे वापरली. त्याचा वर्षाचा खर्च केवळ ५० रुपये आला. तिघांत सर्वांत स्वस्त पक्कड कोणाची, हे सांगावयास नकोच. पक्कड दुकानात जितकी स्वस्त होते, त्याहून अधिक ती घरच्या निगेने स्वस्त होते.

ज्यास तेवढाही खर्च करावयाचा नसेल, त्याने लहान माशांसाठी बांबूची गळकाढणी घरीच करावी. वीतभर लांबीची, पेन्सिलीएवढी जाड बांबूची कामटी घ्यावी. तिच्या टोकास इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच पाडून कडा गुळगुळीत कराव्यात. तंगूस ताणून धरून ही खाच गळाच्या वाकापर्यंत सरकवावी व हलकेच पुढे ढकलावी, म्हणजे गळ सुटतो.

गळ सोडविण्याची रीत

पक्कड चांगली असली तरी वापरण्याची रीत चुकीची असल्यास उपयोग होत नाही. मासा ओल्या फडक्याने धरावा. जो मासा परत सोडावयाचा आहे त्यास तर कोरड्या हाताने धरूच नये, कारण त्याच्या अंगावरील बुळबुळीत थर निघून गेल्यास त्यास रोग जडतात. गळ दांड्याशी न धरता वाकाशी धरावा, आणि ज्या दिशेने तो आत शिरला त्याच्या उलट दिशेने प्रथम मागे ढकलून मग बाहेर काढावा. हिसका देऊ नये.

मासा लहान आहे, तो सोडून द्यावयाचा आहे व गळ पोटापर्यंत गिळलेला आहे, अशा वेळी गळ ओढून काढण्याचा हट्ट धरू नये. तंगूस शक्य तितके तोंडाजवळ तोडावे व मासा सोडून द्यावा. असे मासे, गळ उपटून काढलेल्या माशांपेक्षा अधिक प्रमाणात जगतात. महाराष्ट्रात समुद्रातील अनेक जातींच्या माशांसाठी २०२३ पासून किमान आकारमान ठरवून देण्यात आले आहे. त्याहून लहान मासा सुखरूप परत सोडणे हे कायद्याचे पालन आहे, तसेच पुढील हंगामाची तरतूदही आहे.

हातास इजा झाल्यास

बोटात गळ रुतल्यास घाबरून तो ओढू नये. प्रथम पकडीने किंवा कात्रीने तंगूस तोडावे, म्हणजे मासा किंवा काठी हलून जखम वाढणार नाही. उलटा काटा आत गेला असल्यास पकडीने गळ उपटू नये, मांस फाटते. गळ आहे तसा ठेवून प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. डोळ्यात किंवा डोळ्याजवळ गळ लागल्यास त्यास हातही न लावता ताबडतोब रुग्णालय गाठावे. जखम लहान असली तरी साबण व स्वच्छ पाण्याने धुवावी आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनाविषयी डॉक्टरांस विचारावे.

शिंगाळ्याचा काटा लागल्यास जखमेचा भाग सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवावा. वेदना कमी होतात. दुखऱ्या भागास पाण्याचा चटका समजत नाही, म्हणून पाणी प्रथम दुसऱ्या, चांगल्या हाताने पाहावे. काट्याचा तुकडा आत राहिला असल्यास किंवा सूज वाढत असल्यास विलंब न लावता डॉक्टरांकडे जावे.

पकडीची निगा

१. घरी परतताच पक्कड गोड्या पाण्यात उघडझाप करीत धुवावी. सांध्यात वाळू गेली असल्यास धुण्यापूर्वी जोराने उघडू नये.

२. फडक्याने पुसून थोडा वेळ वाऱ्यावर वाळवावी. ओल्या म्यानात ठेवू नये.

३. सांध्यात शिलाई यंत्राच्या तेलाचा एक थेंब सोडावा व त्याच तेलाचे फडके सर्वांगावर फिरवावे. खाण्याचे तेल कालांतराने चिकट होते व धूळ धरते, म्हणून ते वापरू नये.

४. मीठ किंवा रासायनिक खताच्या पोत्याजवळ पक्कड ठेवू नये. खतांतील क्षार हवेतील ओल शोषून घेतात व लोखंड गंजवितात.

५. थोडा गंज चढला असल्यास पक्कड रात्रभर रॉकेलमध्ये किंवा डिझेलमध्ये भिजत ठेवावी, सकाळी तारेच्या ब्रशाने घासावी व पुसून तेल द्यावे. हे काम विस्तवापासून दूर करावे.

६. पकडीने हातोडीचे काम करू नये, आणि तिच्या लांब टोकाने नटबोल्ट पिळू नये. टोके एकदा वाकली, की गळ धरण्यास ती निरुपयोगी होतात.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

निगेचे महत्त्व सांगण्यापेक्षा दाखविल्याने अधिक पटते. यासाठी एक सोपे प्रात्यक्षिक गावात करता येईल. एक लिटर पाण्यात ३५ ग्रॅम मीठ विरघळवावे; समुद्राचे पाणी साधारणपणे इतकेच खारट असते. मुलामा नसलेले तीन नवे लोखंडी खिळे घ्यावेत. पहिला कोरडाच ठेवावा. दुसरा खाऱ्या पाण्यात बुडवून, न पुसता ओल्या फडक्यावर ठेवावा. तिसरा त्याच पाण्यात बुडवून मग गोड्या पाण्याने धुवावा, पुसावा व तेल लावून ठेवावा. दुसऱ्या दिवशी तिन्ही खिळे जमलेल्या मंडळींच्या हाती द्यावेत. दुसऱ्या खिळ्यावरील तांबडा गंज पाहिल्यावर अधिक बोलण्याची गरज राहणार नाही.

मच्छीमार सहकारी संस्था किंवा बचत गट यांस सभासदांसाठी एकत्र खरेदी करावयाची असल्यास, प्रथम एकच नमुना आणून तो नेहमी गरवणाऱ्या एखाद्या सभासदाकडे महिनाभर वापरण्यास द्यावा व मगच मागणी नोंदवावी. माल आल्यावर प्रत्येक पक्कड उजेडासमोर धरून तपासावी. जलाशयात गळ टाकण्यापूर्वी तेथील मासेमारीचा ठेका कोणाकडे आहे याची चौकशी करून परवानगी घेण्याची आठवणही सभासदांस द्यावी.

सारांश, गोड्या पाण्यात मासे धरणारास नेमक्या टोकांची, घट्ट सांध्याची साधी पोलादी पक्कड पुरते. खाडीवर व समुद्रावर नित्य जाणाराने परवडत असल्यास स्टेनलेस स्टीलची घ्यावी. आणि दोघांनीही घरी आल्यावर ती धुऊन तेलाचा थेंब देण्यास चुकू नये. लहानशा अवजाराबाबत एवढी दक्षता घेतल्यास पैसा वाचतो, मासा वाचतो, आणि ज्या हातांवर शेतीचे सारे काम अवलंबून आहे ते हातही सुरक्षित राहतात.